कृष्णाबाईचा उत्सव

सण म्हटला कीं कोंकणांतील मंडळींस गणपति आठवतो, पंढरीच्या वारकऱ्यांस आषाढी आठवते, आणि दिवाळी तर सर्वांचीच आहे. परंतु ज्यांचें मूळ घर वाईस आहे त्यांस विचारलें तर ते क्षणभर थांबून "कृष्णाबाईचा उत्सव" असें म्हणतील. आणि तो उत्सव कोणता हें ऐकणारास समजावून देण्यांत त्यांचा अर्धा तास जाईल. हा अर्धा तास आम्हांस आजवर पुष्कळ वेळां खर्ची घालावा लागला आहे. पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षां एकदां लिहून टाकावें, हा या लेखाचा एक हेतु. दुसरा हेतु वाचकांच्या ध्यानांत पुढें आपोआपच येईल.

वाई हें गांव पुण्याहून सुमारें ९५ व साताऱ्याहून सुमारें ३५ किलोमीटर आहे. पश्चिमेस पसरणीचा घाट चढून गेलें कीं पांचगणी, आणि पुढें महाबळेश्वर. तेथें पंचगंगेच्या देवळांत कृष्णा प्रकट होते, आणि डोंगर उतरून, धोमचा नृसिंह व नाना फडणविसांची मेणवली मागें टाकून, वाईच्या पायऱ्यांशीं येते. या पायऱ्या म्हणजेच वाईचे घाट. दक्षिणकाशी हें नांव गांवास मिळालें तें त्यांच्यामुळें. पेशवाईंत रास्ते घराण्यानें वाईस पुष्कळ दिलें. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं सन १७६२ मध्यें बांधविलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ आजहि नदीकांठीं उभें आहे. गणपति प्रचंड खरा. परंतु आमच्या मतें त्या देवळांत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याची पाठ. मागील भिंत माशाच्या आकाराची निमुळती बांधलेली आहे. हेतु हा कीं, पुराचें पाणी तिच्यावर येऊन दोहों बाजूंस फुटावें. प्रवासी पुढून दर्शन घेऊन जातात. पाठीमागें जाऊन त्या अनाम गवंड्यास नमस्कार करणारा आम्हांस अद्यापि भेटावयाचा आहे.

उत्सवाचें मूळ परंपरेनें असें सांगतात कीं, सन १६५९ मध्यें अफझलखान विजापुराहून मोठी फौज घेऊन वाईस उतरला, तेव्हां गांवांतील शेंडे आडनांवाच्या एका शास्त्र्यांनीं, शिवाजी महाराजांस यश यावें म्हणून, कृष्णामाईस नवस केला. त्याच वर्षीं १० नोव्हेंबर रोजीं प्रतापगडाखालीं काय घडलें तें शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. त्या नवसाची फेड म्हणजे हा उत्सव. माघ महिन्यांत त्यास आरंभ होतो आणि फाल्गुनापर्यंत तो चालतो. कारण उत्सव एकच, पण तो निरनिराळ्या घाटांवर पाळीपाळीनें होतो. भीमकुंड आळी, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी, या प्रत्येकीचा मांडव आपला, कीर्तनकार आपला आणि अभिमानहि आपला. आमची आळी यांपैकीं कोणती हें आम्ही मुद्दामच सांगत नाहीं. सांगितलें तर उरलेल्या आळ्यांतील वाचक हा अंक येथेंच मिटतील.

आमचे तीर्थरूप साताऱ्यास एका कचेरींत नोकरीस होते. मूळ घर वाईस. तेथें आजोबा, थोरले काका, धाकटे काका व त्यांचा परिवार. उत्सवांत आमच्या आळीची पाळी आली कीं शाळेंत चार दिवसांची रजेची चिठ्ठी जाई, आणि आम्ही भावंडें तांबड्या एस. टी. च्या खिडकीस नाकें लावून निघत असूं. पांचवडास मोठा रस्ता सुटून गाडी वाईच्या वाटेस लागली कीं वारा बदले. माघांत त्या बाजूस हळदीची काढणी चालू असते. शेताच्या बांधावर चुलाणें पेटलेलीं, त्यांवर मोठाल्या काहिलींत हळद शिजत असलेली, आणि शिजलेलें हळकुंड उन्हांत पसरलेलें. त्या वाफेचा वास ओलसर, मातकट, थोडासा कडवट असतो. तो सुगंध आहे असें आम्ही म्हणणार नाहीं; पण अजूनहि तो नाकांत शिरला कीं आम्हांस कोठेंतरी मांडव घातला असावा असें वाटूं लागतें.

वाडा बत्तीस खणांचा, दोन चौकांचा. मागील अंगास परसूं, व परसवांतून नदीकडे उतरणारी दगडी वाट. उत्सवाच्या दिवसांत वाड्यांत निजावयास जागा नसे. आम्ही मुलें माळ्यावर भाताच्या कणगीशीं ओळीनें निजत असूं. पहांटे जाग येई ती घाटावरील मंत्रांच्या आवाजानें. माघांतलें तें पाणी! तीर्थरूप एका हातानें दंड धरून आम्हांस पायरीवरून खालीं सोडीत व वर काढीत. स्नान म्हणजे काय तें इतकेंच. मग मांडवांत जाऊन देवीपुढें उभें राहावयाचें. लुगडें नेसवलेली, दागिन्यांनीं व फुलांनीं झांकून गेलेली कृष्णाबाई आम्हांस देवीपेक्षां एखाद्या लग्नघरच्या वरमाईसारखीच दिसे. दिवसा अभिषेक, पाठ, हळदीकुंकू, सायंकाळीं गाणें किंवा प्रवचन, रात्रीं कीर्तन. कीर्तनांतील पूर्वरंग हा वडील मंडळींच्या वांट्यास व उत्तररंग आमच्या वांट्यास, अशी अलिखित वांटणी असे. मधल्या वेळांत आम्ही झोंप काढून घेत असूं.

आणि पंगत! घाटाच्या फरसबंदीवर पत्रावळींच्या रांगा, वाढप्यांची धांव, वरणभात, पुरी, गव्हाची खीर, मठ्ठा, आणि कृष्णाकांठच्या वांग्यांची भाजी. या वांग्यांविषयीं आम्ही पक्षपाती आहों. पुण्यामुंबईच्या बाजारांत वांगें म्हणून जें मिळतें तें वांग्याचें नांव लावून फिरणारें कांहीं तरी दुसरेंच आहे.

एका दुपारीं मुलांस मेणवलीस नेण्याची चाल होती. तेथील घाटावरील देवळाशीं एक मोठी घंटा टांगलेली आहे. सन १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई घेतली तेव्हां पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटांपैकीं ती एक. तिच्यावर १७०७ हा सनहि आहे. ख्रिस्ती देवळांतील घंटा महादेवाच्या दारांत इतकीं वर्षें निमूटपणें राहिली आहे, हें आम्हांस त्या वयांत मोठें नवल वाटे.

या सर्व थाटामागें जे हात असत त्यांची गोष्ट आतां सांगतों. आमच्या घराण्याकडे उत्सवांतील एका दिवसाचा नैवेद्य व देवीची ओटी असे. पणजोबांच्या वेळेपासूनची ही चाल. त्या नैवेद्याची तयारी तीन महिने आधींपासून करणारी व्यक्ति म्हणजे आमची अक्काआत्या. ती आजोबांचें पहिलें अपत्य, तीर्थरूपांहून बारा वर्षांनीं वडील. तेराव्या वर्षीं, सन १९२७ च्या सुमारास, तिचें कपाळ पांढरें झालें. सासरीं ती अवघे चौदा महिने नांदली होती. परत आली ती वाड्याच्या मागील चौकांतील दोन खणांत राहूं लागली. साठ मैलांवर पुण्यास अण्णासाहेब कर्व्यांची संस्था सन १८९६ पासून चालू होती. आणि वाईंत तर केवलानंद सरस्वती व पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची प्राज्ञपाठशाळा होती. विनोबा भावे जेथें कांहीं काळ शिकले, जेथील तर्कतीर्थांनीं सन १९३३ मध्यें महात्मा गांधींचे पुत्र देवदास व राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह पौरोहित्य करून लाविला, तें ठिकाण आमच्या ओसरीपासून हांकेच्या अंतरावर. आजोबा तेथील शास्त्र्यांचीं व्याख्यानें ऐकावयास जात, घरीं येऊन त्यांची वाखाणणी करीत, आणि लेक मागील चौकांत वाती वळीत बसलेली असे. दोन गोष्टींचा कांहीं संबंध आहे, हें त्यांच्या ध्यानांत कधीं आलें कीं नाहीं कोण जाणे. ते कठोर नव्हते. त्यांच्या पिढींतील पुष्कळ चांगल्या माणसांचें असेंच होतें.

अक्काआत्या तांबडें अलवण नेसे. पांडवप्रताप तिचा अर्धा पाठ होता. आम्हांस विभक्ति व रामरक्षा तिनेंच शिकविली. पुढें शास्त्र्यांकडे जाऊन आम्ही संस्कृत शिकलों त्याचा पाया तो. नैवेद्याचें सोंवळें तिचें, वाती तिच्या, पत्रावळी मोजून ठेवावयाच्या तिनें. पण ओटी भरण्याचा दिवस उजाडला कीं ती घाटावर दिसत नसे. खण, नारळ, तांदूळ, हळकुंडें यांचें तबक ती स्वतः लावी, आणि मागल्या दारापाशीं थोरल्या काकूंच्या हातीं देऊन आंत वळे. आम्ही एकदां विचारलें, "आत्या, तूं येत नाहींस?" ती म्हणाली, "मला इथून दिसतें." परसवाच्या दारांतून मांडवाची मागली कनात मात्र दिसत असे.

गुरु कन्या राशीस आला म्हणजे गंगा वर्षभर कृष्णेच्या भेटीस येते अशी श्रद्धा आहे. यास कन्यागत म्हणतात, आणि तें बारा वर्षांनीं एकदां येतें. आमच्या आठवणींतील पहिलें कन्यागत सन १९६८-६९ चें. आम्ही तेव्हां दहा वर्षांचे होतों. महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत पांच नद्यांचे प्रवाह नित्य वाहतात. भागीरथीचा बारा वर्षांनीं व सरस्वतीचा साठ वर्षांनीं, असें मानितात. तो भागीरथीचा प्रवाह पाहावा असें अक्काआत्येनें बोलून दाखविलें. तिनें कांहीं मागितल्याचें घरांत कोणास आठवत नव्हतें, म्हणून आजोबा स्वतः तिला घेऊन गेले, बरोबर आम्ही. पसरणीच्या घाटांत प्रत्येक वळणास ती खिडकीची कांब घट्ट धरी. देवळांत पोंचल्यावर तिनें प्रथम दर्शन घेतलें नाहीं. वांकून पाण्याखालीं हात धरिला व बराच वेळ तसाच ठेविला. नंतर आम्हांस म्हणाली, "हात लावून बघ. हें आपल्याच घाटावर येतें." सातारा सोडून तिनें आयुष्यांत केलेला प्रवास तो एवढाच.

आजोबा सन १९७४ मध्यें वारले. आजी त्यापूर्वींच गेली होती. त्याच वर्षीं आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों, व पुढें शिक्षकाची सनद घेऊन मास्तरकीस लागलों. वाडा आणखी सहा वर्षें एकत्र राहिला, म्हणजे एका छपराखालीं तीन चुली पेटूं लागल्या. सन १९८० च्या दिवाळींत तिघां भावांनीं वांटणीचें ठरविलें. आम्ही हें कोणास दोष देण्याकरितां लिहीत नाहीं. छप्पर गळत होतें, शाकारणीचा खर्च कोणी करावयाचा यावर दर पावसाळ्यांत बोलाचाली होत, आणि थोरल्या काकांस दोन मुलींचीं लग्नें करावयाचीं होतीं. वकिलांनीं कागद तयार केले. त्यांत एक कागद अक्काआत्येच्या सहीचा होता: हक्कसोडपत्र. बहिणीनें तें निमूटपणें लिहून द्यावें अशी तेव्हां रीत होती, आणि आजहि ती पुष्कळ घरांतून चालू आहे हें वाचक जाणतात.

अक्काआत्येनें तो कागद तीन वेळां वाचून घेतला. मग वकिलांस विचारलें, "सोडूं तें काय, तें तरी सांगा. माझें आहे तरी किती?"

वकील सरळ मनुष्य होता. सन १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें त्यानें हिशेब सांगितला. आजोबा व तीन मुलगे मिळून चार वांटे. त्यांतील आजोबांच्या वांट्यास तीन मुलगे व एक मुलगी असे चौघे वारस. म्हणजे अक्काआत्येचा सोळावा हिस्सा. घराची वांटणी स्वतः होऊन मागण्याचा अधिकार त्या वेळीं मुलीस नव्हता, तो अडसर सन २००५ मध्यें दूर झाला. परंतु भाऊच वांटावयास बसले असतां तिचा हिस्सा बाजूस काढणें भाग होतें.

"सोळावा," ती म्हणाली. "रुपयांत आणा. बत्तीस खणांत दोन. ते मी राहतें तेच."

तिनें सही केली नाहीं. ओसरीवर इतकी शांतता पसरली कीं खालून नदीचा आवाज ऐकूं येऊं लागला. थोरले काका रागावले. बोलले नाहींत, पण जेवावयास उठलेहि नाहींत. तीर्थरूप दोन दिवस वाईस थांबले. त्यांच्या मनाची ओढाताण आम्ही पाहिली आहे. अक्कानेंच त्यांस कडेवर खेळविलें होतें, आणि काकांच्या मुलींचीं लग्नेंहि खोटीं नव्हतीं. तिसऱ्या दिवशीं ते काकांस म्हणाले, "दादा, तिनें पंचावन्न वर्षें या घरीं काढलीं. आपण तिला देत नाहीं, तिचें तिच्याकडे राहूं देतों आहों." कागद पुन्हा लिहिले गेले. नदीच्या अंगाचे दोन खण अक्काआत्येच्या नांवें चढले.

तें वर्षहि कन्यागताचेंच होतें. सन १९८१ च्या माघांत आमच्या आळीचा उत्सव आला तेव्हां प्रश्न उभा राहिला कीं नैवेद्य आतां कोणाच्या घरून जावयाचा? थोरले काका पुण्यास मुलाकडे जाण्याच्या तयारींत, धाकट्या काकांच्या अंगणांत विटांचे ढीग. अक्काआत्या म्हणाली, "माझ्या घरून." माझें घर हे शब्द तिच्या तोंडून आम्हीं प्रथमच ऐकले. खर्चास पैसा तिनें कोठून आणिला तें आम्हांस पुढें कळलें. लग्नांतल्या दोन पाटल्या डब्याच्या तळाशीं राहिल्या होत्या.

मांडवांत उपाध्यायांनीं संकल्पास आरंभ केला. संकल्पांत देश, काल, ग्रहांच्या राशि यांचा उच्चार करावा लागतो, देवगुरूची रास कन्या असें म्हणून झाल्यावर ते थांबले व त्यांनीं विचारलें, "यजमान कोण?" काका खालीं पाहूं लागले. तीर्थरूप म्हणाले, "अक्का." उपाध्याय वृद्ध होते. त्यांनीं एकवार वर पाहिलें आणि शांतपणें विचारलें, "गोत्र?" अक्काआत्येनें आपलें गोत्र सांगितलें. तें आमचें नव्हे. ज्या घरीं ती चौदा महिने नांदली त्या घराचें. पन्नासांहून अधिक वर्षें तें तिच्या तोंडीं आलें नसेल, तरी उच्चारांत चूक झाली नाहीं. उपाध्यायांनीं तेंच गोत्र घेऊन संकल्प पुरा केला.

मग ओटी. तबक थोरल्या काकूंच्या हातीं होतें. बायकांत कुजबूज चालली होती, ती आम्हांस ऐकूं येत होती. काकू दोन पावलें पुढें गेल्या, पुन्हा मागें आल्या, आणि कांहींएक न बोलतां त्यांनीं तें तबक अक्काआत्येच्या हातांत दिलें. ज्या काकूंचे यजमान दोन महिन्यांपूर्वीं रागानें जेवावयास उठले नव्हते त्याच ह्या. अक्काआत्येनें ओटी भरली. तांदूळ घालतांना तिचा हात थरथरत होता. कांहीं दाणे देवीच्या पायांशीं सांडले ते तिनें एक एक करून वेंचून पुन्हा ओटींत घातले. मागें खोळंबा झाला. कोणी घाई केली नाहीं.

त्या दिवशीं एकदोन बायका पंगतीस आल्या नाहींत. दुसऱ्या वर्षीं त्या आल्या.

अक्काआत्या सन १९९६ मध्यें, ८२ व्या वर्षीं गेली. मृत्युपत्र करून ठेविलें होतें. दोन खण तिनें आम्हां पुतण्यांपैकीं कोणास दिले नाहींत. तिन्ही घरच्या मिळून पांच पुतण्यांस, म्हणजे आमच्या बहिणींस, दिले. वाड्याचे उरलेले तीस खण यथाकाल विकले गेले व त्या जागीं चार मजल्यांची इमारत उभी राहिली. तिच्या कुशीस नदीच्या बाजूनें हे दोन खण अजून आहेत. उत्सवास गेलों कीं आम्ही तेथें पाहुणे म्हणून उतरतों, आणि पाहुण्यास साजेल असें वागतों.

उत्सव आजहि थाटानें होतो. महाप्रसादास माणसांची दाटी मावत नाहीं. बदलली आहे ती नदी. सन १९७० नंतर वर धोमचें धरण झालें, आणि माघांतील पाणी धरणावाल्यांच्या मर्जीनें येऊं लागलें. गांवचें सांडपाणीहि नदींतच. सन २०१६-१७ च्या कन्यागतांत आमची इंदूरची बहीण नातीस घेऊन आली होती. नातीनें घाटावर उभें राहून पाण्याकडे पाहिलें आणि विचारलें, "आजी, यांत उतरायचें?" बहिणीनें तिला उतरूं दिलें नाहीं, घरून आणलेल्या पाण्याचे चार थेंब नदींत सोडून तेंच तिच्या अंगावर शिंपडलें. आम्ही संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविला. असें स्नान कोणत्या ग्रंथांत सांगितलें आहे असें बहिणीनें आम्हांस विचारलें. आम्ही म्हटलें, अक्काआत्येस विचारावयास हवें होतें.

नैवेद्याची पाळी आतां पांचही बहिणी वर्षावर्षानें घेतात. पुढील कन्यागत सन २०२८ मध्यें सुरू होईल, आणि त्यांतील माघाची पाळी नाशिकच्या बहिणीकडे येते. ती आतांपासूनच कामास लागली आहे. दोन खणांतील भांड्यांची यादी तिनें आम्हांकडून लिहून मागविली: तांब्याचें मोठें घंगाळ एक, पितळी परात दोन, पातेलीं झांकणांसह सात, ओटीचें तबक एक. पातेल्यांची कल्हई पार उडाली आहे. कल्हईवाला आळींत येईनासा होऊन बरींच वर्षें झालीं. तेव्हां येत्या खेपेस तीं पोत्यांत घालून साताऱ्यास न्यावयाचीं, असें ठरलें आहे.